तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीनंतरचं ताट आणि दिवाळी अंक

‘दिवाळीनंतर तुम्ही खाण्याचं काय करता, आणि एवढ्या रगाड्यात वाचता कधी?’ हे दोन प्रश्न मला एकापाठोपाठ येतात. शाळेच्या बसची वाट बघताना येतात, हळदीकुंकवाला येतात, आणि विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे: बसून. बसून खाते आणि बसून वाचते. उत्तर फारच साधं वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फराळानं वजन वाढतं असं आपण म्हणतो. पण फराळ ताटलीत वाढून घेतला तर माणूस खाऊन किती खाईल? दोन चकल्या, एखादा लाडू, वाटीभर चिवडा. खरं खाणं होतं ते उभ्यानं. मोडक्या चकल्या, मुलांनी अर्धी टाकलेली करंजी, डब्याच्या तळाचा चिवड्याचा चुरा आणि त्यातले शेंगदाणे, हे सगळं ओट्यापाशी उभं राहून कोण संपवतं? आई. एवढ्या मेहनतीचं टाकवत नाही म्हणून. मग जेवायच्या वेळी तिला भूक नसते. ‘तुम्ही बसा, मी नंतर घेते’ असं म्हणते आणि त्या नंतरला चार वाजतात. तोवर पोळ्या गार, भाजी संपलेली, पुन्हा हात डब्याकडे. अशा बाईला कुणी डाएटचा कागद दिला तर त्याचा काय उपयोग? त्या कागदावर ताटाचा हिशेब असतो आणि तिचं ताटच वाढलेलं नसतं.

म्हणून भाऊबीज झाली की आमच्याकडे पहिलं पान माझंही मांडलं जातं. चौघं एकदम बसतो. पोळ्या आधी करून डब्यात ठेवते, गरम पोळी वाढायचा हट्ट सोडला आहे. सासूबाईंना हे सुरुवातीला रुचलं नाही, आता त्याच ‘चल, बस आधी’ म्हणून हाक मारतात. उरलेला फराळ संध्याकाळी ताटल्यांत सगळ्यांना वाढते. चिवड्याच्या चुऱ्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घातली की मुलं आनंदानं खातात. ताटलीत न घेतलेलं काही तोंडात टाकायचं नाही, एवढं एक पाळते. शंकरपाळंसुद्धा नाही.

बाकी काम नाशिकचा बाजार करतो. थंडी पडायला लागते आणि मेथी, हरभऱ्याची भाजी, कांद्याची पात, मुळा, गाजर, मटार, तुरीच्या शेंगा, पेरू, बोरं, आवळे सगळं एकदम येतं. ज्या घरांत चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य असतं, तिथे चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य होतो आणि पुढे भोगीपर्यंत वांग्याला सुट्टी नसते. भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी यापेक्षा चांगलं थंडीतलं जेवण मला तरी माहीत नाही. द्राक्षांचा बहर त्यानंतरचा. आपल्या सणांनीच तेलातुपानंतर पालेभाजी आणि भाकरी मांडून ठेवली आहे, तर दिवाळीनंतर महागड्या बिया आणि पावडरी कशाला शोधायच्या, हे मला खरंच समजत नाही.

त्यातही माझा जीव नागलीवर, म्हणजे नाचणीवर. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातल्या डोंगरउतारांवर ती पिकते, म्हणजे आपल्या अगदी दाराशी. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गाईच्या दुधात १२०च्या आसपास. चाळिशीकडे निघालेल्या बाईनं आणि वाढत्या मुलांनी ती खायलाच हवी. ‘भाकरी मोडते हो’ ही तक्रार नेहमी येते. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गार पाण्यात मळलं की चिरा पडणारच. पाण्याला मीठ घालून उकळी आणा, पीठ घाला, झाकण ठेवून वाफ येऊ द्या आणि हाताला सोसेल इतक्या गरमपणीच मळून घ्या. मऊ लुसलुशीत होते. मुलांना काळपट भाकरी आवडत नसेल तर आधी निम्मं ज्वारीचं पीठ घाला, किंवा ताकात भिजवून घावन करा. सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची चटणी: खुरासणी कोरडी भाजायची, लसूण, लाल मिरची, मीठ घालून कुटायची. तिला स्वतःचंच तेल सुटतं.

आता वाचन. माझा वाचनाचा हंगाम दिवाळीनंतरच सुरू होतो, कारण दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला आणि ती प्रथा आजवर टिकली, याचे आभार मानावेत तेवढे थोडे. आईच्या दिवसाला या अंकांइतकं सोयीचं वाचन नाही. एक कथा एका बैठकीत संपते. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये कादंबरी वाचता येत नाही, मी तो प्रयत्नही करत नाही. दुपारी जेवून उठले की लगेच ओट्याकडे वळत नाही, तिथेच अर्धा तास अंक घेऊन बसते. भांडी थांबतात. भांड्यांना घाई नसते, ती आपल्याला असते.

सगळे अंक विकत घेणं परवडत नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, आणि आपल्या गावाला एवढी जुनी ठेव लाभली आहे तर तिथलं सभासदत्व प्रत्येक घरात असावं असं मला मनापासून वाटतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रमही नाशिकातूनच सुरू झाला. १०० पुस्तकांची एक पेटी येते, ती आपापसांत वाचायची आणि मग बदलून घ्यायची. घराबाहेर पडायला जिला वेळ मिळत नाही, तिचा विचार कुणीतरी केला आहे हे बघून फार बरं वाटतं.

मुलांना वाचायला कसं लावता, असंही विचारतात. खाऊचं आमिष मी दाखवत नाही. चॉकलेटसाठी वाचलेलं पुस्तक चॉकलेटबरोबर संपतं. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत असते, दोन्ही हात पिठात. त्या वेळी मुलगा ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून मला वाचून दाखवतो. बहुतेकदा ‘किशोर’, बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतंय आणि मीही लहानपणी तेच वाचलं. तो अडखळला तरी मी मध्ये बोलत नाही. मला खरंच ऐकायचं असतं आणि हात मोकळे नसतात, हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो वाचतो. धाकटी शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलते, निम्मे दाणे तिच्याच पोटात जातात. जाऊ देत.

ज्यांची मुलं अजून अगदी तान्ही आहेत त्यांनी मला विचारलं की मी एवढंच सांगते: वाचनाचं राहू दे थोडे दिवस, पण ताट वाढून घे आणि बाळाला पाचेक मिनिटं घरातल्या कुणाकडे तरी दे. मागायला संकोच करू नकोस. आणि यंदाचे अंक हवे असतील तर माझे घेऊन जा, संक्रांतीपर्यंत वाचून होतात.