तुम्ही विचारलंत म्हणून : किडेच का?

गेल्या दिवाळीच्या प्रदर्शनातही तेच झालं. एका काकूंनी टेबलावरचा मण्यांचा चतुर उचलला, उलटापालटा करून पाहिला, "हात छान आहे हो तुझा" म्हणाल्या, आणि मग नेहमीचं आलंच. "पण किडेच का? फुलं कर, मोर कर. किडे कोण घरात ठेवणार?" सोबतच्या बाईंनी "आधीच झुरळांनी वैताग आणलाय" अशी भर घातली. गिऱ्हाईक समोर असताना लांबण लावता येत नाही. मी हसून वेळ मारून नेली. आता सवडीने सांगते.

सुरुवात मुंगळ्याने झाली. आईने लांब मंगळसूत्र मोडून आखूड गाठवून घेतलं, तेव्हा पटवेकऱ्याने उरलेले काळे मणी पुडीत बांधून दिले. टाकवत नाहीत आणि उपयोगही नाही, अशी ती पुडी देव्हाऱ्याच्या खणात पडून होती. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची बारीक तार आणून मी त्या मण्यांचा मुंगळा केला. "सौभाग्याच्या मण्यांचा मुंगळा!" म्हणून आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मुंगळा साखरेच्या डब्यावर बसलेला दिसला. मी ठेवला नव्हता.

आता मणी रविवार पेठेतून आणते. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, १५ नंबरचा त्याहून बारीक. तारेचंही तसंच, नंबर चढला की जाडी उतरते. सुरुवातीला या उलट्या हिशोबाने मी दोनदा चुकीचा माल घरी आणला.

काम तसं सोपं आहे. हातभर तारेच्या मधोमध एक मणी घ्यायचा. मग दोन मणी घेऊन त्यांतून तारेची दोन्ही टोकं समोरासमोरून घालायची, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि ओढायचं. ओळ आधीच्या ओळीला चिकटून बसते. मग पुढची ओळ. जपायचं ते तारेला. ओढताना मधेच फास पडतो, आणि तो तसाच ओढला की तार तिथेच मोडते. हात थांबवून, नखाने फास उघडून, मगच ओढायचं. त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं तरी तांबं कडक होतं आणि तुटतं. चतुराच्या नवव्या ओळीला तार तुटली की काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

नववी ओळ म्हटलं, कारण चतुराच्या पोटाला १० खंड असतात आणि मी १० ओळीच घालते. लहानपणी ज्याला शेपूट समजून आम्ही दोरा बांधायचो, ते त्याचं पोट.

तर काकू, उत्तर हेच आहे. फुलं मी करून पाहिली. पाकळी एक कमी, एक जास्त झाली तरी कुणाचं अडत नाही. बघणारे "छान" म्हणतात आणि करणारीला आळस चढतो. किड्यापाशी अशी सूट नाही. पाय सहा, आणि सहाही छातीतूनच निघायला हवेत. माझ्या पहिल्या मुंगळ्याचे पाय अंगभर वाटलेले होते, गोमेसारखे. चतुर बसतानाही पंख पसरून बसतो, त्याची चुलत बहीण टाचणी बहुतेक वेळा ते पाठीवर मिटून घेते. हे कळायला मला तळ्याकाठी डोळे फोडून बसावं लागलं. आधी बघायला लावतात, म्हणून किडे. (मोर मला आवडत नाही हेही एक कारण आहे, पण ते सांगितलं की लोक दुखावतात.)

खपत नाहीत म्हणता, ते निम्मं खरं. झुरळ एकही गेलं नाही. मृगाचा किडा मात्र हातोहात जातो, तोच तो पहिल्या पावसानंतर मातीवर चालणारा लालभडक मखमली. त्याच प्रदर्शनात दुसरी-तिसरीतला एक मुलगा तो तळहातावर घेऊन बोट लावत मोजत होता. "मावशी, चुकलंय. आठ पाय आहेत."

चुकलं नव्हतं. खऱ्यालाही आठच असतात, तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. मी तसं सांगितलं. त्याने विचार केला आणि टेबलावरच्या 'मण्यांचे किडे' या पाटीकडे बोट दाखवलं. "मग हा इथे का?"

मी पेन काढून पाटीवर खाली लिहिलं, 'आणि एक पाहुणा'. तेव्हा कुठे त्याने आईकडे पैसे मागितले.