कर्जे एकत्र करण्याआधी तारणाचा विचार करावा

पुणे परिसरात टप्प्याटप्प्याने केलेली आमची मालमत्तेतील गुंतवणूक आता आवरती घेण्याचे आम्ही ठरवले आहे. तळेगावात भाड्याने दिलेला एक फ्लॅट, भोसरीतला एक औद्योगिक गाळा आणि मुळशीकडचा एक बिनशेती प्लॉट, शिवाय या तिन्हींवर वेगवेगळ्या ठिकाणांहून काढलेली कर्जे, असा हा पसारा आहे.

अशा वेळी कर्ज देणाऱ्यांचे प्रतिनिधी सर्व कर्जे आपल्याकडे वळवून एकच हप्ता करून देण्याची तयारी दाखवतात आणि हप्ता बराच खाली आलेला कागदावर मांडून दाखवतात. तो का खाली आला, हे मात्र स्वतःच तपासावे लागते. समजा, १८ लाख रुपये मुद्दल बाकी आहे, व्याजदर साडेनऊ टक्के आहे आणि ८ वर्षे उरली आहेत. हप्ता साधारण २६,८०० रुपये येतो आणि उरलेल्या मुदतीत पावणेआठ लाखांच्या आसपास व्याज जाते. हेच कर्ज साडेआठ टक्क्यांनी, पण २० वर्षांसाठी नव्याने घेतले, तर हप्ता सुमारे १५,६०० रुपयांवर येतो आणि व्याज साडेएकोणीस लाखांच्या घरात जाते. मुदत ८ वर्षेच ठेवली, तर एक टक्का कमी दरामुळे जवळपास ९० हजार रुपये वाचतात. त्यातून नवे प्रक्रिया शुल्क, तारणाच्या दस्तावरील मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा, म्हणजे गहाणाची माहिती दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याचा, खर्च वजा करून जे उरेल, तोच खरा फायदा. व्यक्तीने घेतलेले बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडताना दंड लागत नाही. त्यामुळे जुनी बँक रूपांतर शुल्क घेऊन दर कमी करते का, हे आधी विचारण्यात काहीच नुकसान नाही.

याहून मोठा प्रश्न तारणाचा आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, असे माझे मत आहे. एकाच मोठ्या कर्जासाठी फ्लॅट, गाळा आणि प्लॉट असे तिन्ही गहाण ठेवले, की त्यातली एकच मालमत्ता विकायची झाली तरी बँकेची परवानगी लागते, उरलेल्या तारणाचे पुन्हा मूल्यांकन होते आणि तोवर हातचे गिऱ्हाईक निघून जाऊ शकते. शिवाय घरभाड्याच्या उत्पन्नातून व्याजाची वजावट घ्यायची, तर कर्जाचा कोणता भाग कोणत्या घरासाठी वापरला हे दाखवता आले पाहिजे. एकत्र केलेल्या कर्जात ही विभागणी मंजुरीपत्रात आणि बँकेच्या उताऱ्यात स्पष्ट नसेल, तर ती पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

म्हणून आम्ही प्लॉट आधी विकत आहोत, कारण त्यातून भाडे येत नाही आणि राखण मात्र करावी लागते. आलेल्या पैशातून प्लॉटचे आणि गाळ्याचे, म्हणजे सर्वांत महाग व्याजाचे, कर्ज फेडायचे आहे. विक्रीची रक्कम कर्जात भरली म्हणून भांडवली नफ्यावरील कर चुकत नाही, त्यामुळे कराचे पैसे आधीच बाजूला काढावे लागतात. प्लॉट २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेला असल्याने महागाई निर्देशांक (त्याने खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरतात) न लावता साडेबारा टक्के किंवा तो लावून २० टक्के, असे दोन्ही हिशेब करून जो कमी येईल तो कर भरता येतो. फ्लॅटचे कर्ज तेवढे उरलेल्या मुदतीसाठीच दुसरीकडे नेऊ.

कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करावीत आणि तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा आणि सोसायटीच्या दप्तरातील नोंद मात्र बँकेचा ना-देय दाखला जोडून, तलाठी कार्यालयात आणि सोसायटीकडे अर्ज करून, आपणच पाठपुरावा करून कमी करून घ्यावी लागते. प्लॉटच्या सातबाऱ्यावरील बोजा कमी होऊन फेरफार मंजूर झाल्याखेरीज खरेदीखताची तारीख ठरवायची नाही, हे आम्ही खरेदीदारालाही सांगून ठेवले आहे.