एसडीआर आणि लॅपटॉपची इथरनेट जुळवताना गेलेले चार दिवस (माझा अनुभव)

आमच्या सरांनी त्यांच्याकडचा जुना यूएसआरपी एन२१० (एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, लॅपटॉपला इथरनेटच्या तारेने जोडायचा) मला महिनाभरासाठी दिला, आत डब्ल्यूबीएक्स हा रेडिओ बोर्ड आहे म्हणजे ५० ते २२०० मेगाहर्ट्झ पकडता येतात, आणि मला त्यावर १४२० मेगाहर्ट्झची हायड्रोजन लाइन (अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारा रेडिओ सिग्नल) बघायचीय. आपल्या पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथे जाऊन आल्यापासून डोक्यात हेच. पण अँटेना राहिली बाजूलाच, पहिले चार दिवस बॉक्स आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतच नव्हते.

पॉवर दिली, पुढचे डी आणि एफ दिवे लागले म्हणजे आतलं फर्मवेअर चालू. लॅपटॉपला पोर्ट नाही म्हणून घरातला यूएसबी-इथरनेट डोंगल लावला, लॅपटॉपला १९२.१६८.१०.१ दिला कारण बॉक्सचा कंपनीतून येणारा पत्ता १९२.१६८.१०.२ असतो, आणि पिंग केलं (म्हणजे बॉक्स उत्तर देतो का बघितलं) तर काहीच नाही. मग मी यूएचडी (या बॉक्सचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर) काढून परत टाकलं, व्हर्जन बदललं, उबंटू पण दुसरं टाकलं, दोन रात्री यातच गेल्या आणि बॉक्सवरच्या पोर्टचा लिंकचा लाइट बंद आहे हे बघितलंच नाही. लाइट बंद असेल तर सॉफ्टवेअरला हात लावायची गरजच नाही, आधी तार आणि पोर्ट.

तिसऱ्या दिवशी केबलवर संशय आला पण तीच केबल राउटरला लावली की नेट झकास चालायचं, म्हणून केबल चांगलीच आहे असं धरून चालले. तरी चुलतभावाची दुसरी केबल आणून लावली, लाइट नाही. मग तापकीर गल्लीत जाऊन गिगाबिटचा (सेकंदाला १००० मेगाबिट) डोंगल आणला, आपल्या केबलने लावला, तरी लाइट नाही!! इथे मला खरंच वाटलं की सरांचा बॉक्स गेला आणि आता त्यांना काय सांगायचं.

सोसायटीत सीसीटीव्हीचं काम चालू होतं, तिथल्या दादांकडे टेस्टर होता. केबल लावली तर १, २, ३, ६ चे दिवे लागले आणि ४, ५, ७, ८ गप्प. ते म्हणाले, "ताई, ही कॅमेऱ्याची केबल आहे, डेटाला चारच तारा क्रिंप केल्यात, बाकीच्या कापून टाकल्यात." तेव्हा सगळं कळलं. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात म्हणून राउटरवर नेट चालायचं, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आणि एन२१० फक्त गिगाबिटच बोलतो, १०० वर उतरतच नाही. माझा जुना डोंगल पण १०० चाच होता! म्हणजे केबल बदलली तेव्हा डोंगल आडवा आला आणि डोंगल बदलला तेव्हा केबल. भावाची केबल आणि नवा डोंगल एकत्र लावले आणि हिरवा लाइट लागला, मी अक्षरशः ओरडले.

आता पिंग व्हायला हवं ना, नाही झालं. दोन कारणं निघाली. एक म्हणजे टर्मिनलवरून दिलेला आयपी नेटवर्क मॅनेजर थोड्या वेळात पुसून टाकत होता, तो सेटिंगमध्ये जाऊन मॅन्युअल करून कायमचा दिला, मास्क २५५.२५५.२५५.०. दुसरं म्हणजे आधी कुणीतरी बॉक्सचाच पत्ता बदलून ठेवलेला. त्यासाठी आतलं एस२ बटण दाबून धरून पॉवर बंद-चालू करायची, दिवे लुकलुकून स्थिर होईपर्यंत सोडायचं नाही, मग तो सेफ मोडमध्ये १९२.१६८.१०.२ वरच उठतो. पिंग आलं! लगेच तोच पत्ता ईईप्रॉममध्ये (बॉक्सच्या कायमच्या मेमरीत) लिहून टाकला. डिव्हाइस शोधायची कमांड तरी रिकामी येत होती, ती ब्रॉडकास्ट करते (नेटवर्कवर सगळ्यांनाच हाक मारते) आणि उत्तर फायरवॉल अडवत होता, त्या पोर्टपुरता फायरवॉल काढल्यावर सापडला. फर्मवेअर जुळत नाही असा एरर आला तो इमेज लोडरने बॉक्समध्ये नवी फर्मवेअर इमेज टाकून गेला.

शेवटी स्क्रीनवर डी डी डी यायला लागले, म्हणजे पॅकेट गळतायत. लॅपटॉपच्या रिसीव्ह बफरची (आलेला डेटा थांबतो त्या जागेची) मर्यादा ५ कोटी बाइट केली आणि सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घ्यायचे) २५ वरून ५ मेगासॅम्पलवर आणला. एका सॅम्पलला ३२ बिट धरले तर २५ ला ८०० मेगाबिट लागतात आणि ५ ला फक्त १६०, हायड्रोजनला ५ भरपूर झाले. त्यानंतर एकही डी नाही.

हायड्रोजनसाठीचा हॉर्न अँटेना अजून व्हायचाय, म्हणून अँटेनाच्या जागी वीतभर वायर लावली आणि १०१ मेगाहर्ट्झवर ट्यून केलं. विविधभारती लागली, आई स्वयंपाकघरातून म्हणाली आवाज जरा वाढव.