आमची वाटचाल: एका पाइपाने शिकवलेलं

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भूशास्त्र शिकलेला मित्र. भांडवल म्हणजे एक कॅमेरा, टॉर्च आणि गमबूट. जागा विकत घेण्याआधी तिच्या पोटात कसलं प्रदूषण दडलंय का, ते शोधून द्यायचं हे आमचं काम. पहिल्या टप्प्यात खणत काहीच नाही. जुनी कागदपत्रं आणि हवाई छायाचित्रं चाळायची, जागा पायी फिरायची, माणसांशी बोलायचं. (वीस वर्षं तिथे पहारा केलेला वॉचमन भेटला, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.) शंका आली तरच दुसरा टप्पा: बोअर मारून माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे.

दुसऱ्याच वर्षी तोंडघशी पडलो. एका गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून दोन इंची लोखंडी पाइप उभा होता, वरचं तोंड वाकवलेलं. पावसाच्या पाण्याचा असेल म्हणून मी साधा फोटोही काढला नाही. तो पुरलेल्या डिझेलच्या टाकीचा व्हेंट, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारा पाइप निघाला. पाया खणताना टाकी लागली आणि ग्राहकाचा फोन आला. पुढच्या तपासणीचा खर्च आम्ही सोसला, वर्षाची कमाई त्यातच गेली. आता कुठलाही पाइप दिसला की तो जातो कुठे हे कळल्याशिवाय आम्ही हलत नाही.

ड्रायक्लीनिंगचं दुकान तर त्याहून अवघड. डिझेल भूजलावर तरंगतं, पण ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे धुवायला वापरतात ते पर्क नावाचं द्रावण पाण्याहून जड, ते खाली खाली उतरत जातं. दुकान बंद होऊन कित्येक वर्षं झाली तरी ते सापडतं.

आज आम्ही सात जण आहोत. काम वाढलं, तशी घाईही वाढली. 'रिपोर्ट क्लीनच द्या' म्हणणारे दलाल आम्ही सोडले. दुसरा प्रकार 'जुन्याच रिपोर्टवर नवी तारीख टाका' म्हणणाऱ्यांचा. आम्ही पाळतो त्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई १५२७ मानकानुसार पाहणी, मुलाखती आणि नोंदींची तपासणी १८० दिवसांहून जुनी झाली की पुन्हा करावी लागते. मध्यंतरी अशाच एका जागेवर कुरकुर ऐकून घेत आम्ही परत गेलो. नव्या भाडेकरूने मागच्या शेडमध्ये थिनरची पिंपं आणून ठेवली होती. त्यातलं एक गळत होतं.