नातवंडावर हक्क कोणाचा?

मूल जन्माला आले की पहिल्या तासाभरातच त्याच्या नाकावर हक्क सांगितला जातो. ‘नाक अगदी आमच्यावर गेले आहे’ असे एका बाजूने म्हटले, की दुसरी बाजू कपाळ आणि कानाच्या पाळ्या आपल्या नावावर करून घेते. आनुवंशिकतेच्या हिशेबाने चौघाही आजीआजोबांचा वाटा सरासरी २५ टक्के असतो, पण तो हिशेब तिथे कोणालाच नको असतो.

पुढे भेटवस्तूंची चढाओढ लागते. एका घरून तीनचाकी सायकल आली, की दुसऱ्या घरून तिच्याहून मोठी येते. ते एक वेळ चालेल. मला खटकतो तो ‘तुला कोणती आजी जास्त आवडते?’ हा प्रश्न. चार वर्षांचे मूल आधी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते, मग आईकडे, आणि समोर बसलेल्या आजीचे नाव घेते. दुसऱ्या घरी ते दुसरे नाव घेते, आणि दोन्हीकडे त्याचे कौतुक होते.

खरे तर ही स्पर्धा बरोबरीची नसतेच. हाराल्ड ऑयलर आणि बार्बारा वाइट्झेल या संशोधकांनी १९९६ साली जर्मनीतील प्रौढांच्या आठवणींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सात वर्षांचे होईपर्यंत कोणत्या आजीने किंवा आजोबांनी आपली किती काळजी घेतली, याच्या उत्तरांत आईची आई पहिली आली, त्यानंतर आईचे वडील, मग वडिलांची आई आणि सर्वांत शेवटी वडिलांचे वडील. संशोधकांनी त्याची कारणे उत्क्रांतीत शोधली. मला मात्र एक साधे कारणही पुरेसे वाटते. मध्यरात्री मुलाला ताप भरला, की त्याची आई स्वतःच्या आईला फोन करते, आणि सासूबाईंना ती बातमी दुसऱ्या दिवशी, ताप उतरल्यावर, कधीकधी तर तिसऱ्याच कोणाकडून कळते. सून काही लपवत नसते. घाबरलेले माणूस सवयीचा नंबर लावते, इतकेच. पण ‘आम्हाला कोण सांगणार?’ या वाक्याची सुरुवात तिथे होते आणि त्याचा राग मुलावर नव्हे, तर विहीणबाईंवर निघतो.

या सगळ्यात मुलाचा बाप कुठे असतो? बहुतेकदा तो शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. स्वतःच्या आईला चार शब्द कळवण्याचे कामही त्याने बायकोवर सोपवलेले असते, आणि तिच्याकडून ते राहून गेले की दोन आज्यांमधले भांडण ‘बायकांचे’ म्हणून तो बाजूला होतो. माझ्या मते या चढाओढीतला मोठा वाटा त्याच्या या आळसाचा आहे. घटस्फोट झाला आणि मूल आईकडे राहिले, तर त्याच्याच आईवडिलांना नातवाच्या भेटीसाठी पूर्वीच्या सुनेच्या भलेपणावर विसंबावे लागते, आणि तिच्याशी बोलायचा धागा तोवर कोणी जपलेला नसतो.