लेथवर उतरलेला शिसवी पेन

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या शिसवाच्या तुकड्याला ७ मिलिमीटरचे आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवली आणि काल सकाळी तो लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवला. पटाशी टेकताच तपकिरी कीस मनगटावर साचत गेला. घाई केली की नळीवरचे पातळ लाकूड टवके उडून जाते. मागच्या महिन्यात माझे दोन तुकडे असेच वाया गेले, म्हणून शेवटची जाडी मी आता पॉलिश पेपरनेच उतरवतो. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, कातताना मात्र गंधकाचा उग्र वास खोलीभर पसरतो. तरीही हातात धरल्यावर जाणवणारी त्याची ऊब मला कोणत्याही प्लॅस्टिकपेक्षा प्रिय आहे. पुढचा पेन एबोनाइटचाच. त्याच्या टोपणाचे आटे आज पाडायचे आहेत.