यवतेश्वरचा घाट उतरताना

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेपाचला मी अदालत वाड्याजवळून अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागले. गडावर फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ नेहमीसारखीच होती. मी पळायला सुरुवात केली आणि पहिल्याच मोठ्या वळणावर कमरेवर हात ठेवून थांबले. वय ४४, नोकरी शाळेत शिकवण्याची. जन्म साताऱ्यातलाच, त्यामुळे हा गड लहानपणापासून खिडकीतून दिसायचा. सप्टेंबरातल्या सातारा हिल मॅरेथॉनला नाव द्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. शर्यत २१ किलोमीटरची. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर काही अंतर जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. हातात सात महिने होते.

आधी डॉक्टरांकडे गेले. ईसीजी, रक्तदाब, रक्ताची तपासणी. हिमोग्लोबिन ९.८ निघालं आणि दम का लागतो याचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. चाळिशीतल्या कुठल्याही बाईला मी हे पहिलं सांगेन : बूट नंतर घ्या, रक्त आधी तपासा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पहिले दोन महिने मी डोंगराच्या वाटेला गेलेच नाही.

ते दोन महिने संगम माहुलीचे. आमच्या घरापासून जाऊन-येऊन दहा किलोमीटर. पाच मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं. आमच्या ग्रुपमधले एक काका साठी ओलांडलेले, घाटात तरुणांना मागं टाकणारे. ते म्हणाले, "ताई, माहुलीला जाताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली तर समजा, जास्त जोरात पळताय." म्हणून मी बरोबरच्या मैत्रिणीला वाटेवरच्या गोष्टी सांगत पळायचे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची काळ्या दगडातली देवळं, रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव, शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची इथली समाधी. एप्रिलपर्यंत न थांबता दहा किलोमीटर झाले. घाटावर पहाटे कपडे धुणाऱ्या बायका आम्हाला ओळखू लागल्या होत्या.

मग गड. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी पायथ्यापासून दरवाजापर्यंत एकदाही न थांबता पोचले. त्या आनंदात खाली येताना पाय मोकळे सोडले. लांब टांगा, टाच आधी आपटायची, आणि वळणावर अंग मागं रेलून ब्रेक लावायचा. वारा कानात घोंगावत होता आणि फार मजा येत होती. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या, तिसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू जिना उतरताना कळवळू लागली.

फिजिओथेरपिस्टनं अर्धा तास तपासलं आणि मग एक गोष्ट नीट समजावली. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना त्याच स्नायूला लांबता लांबता वजन पेलावं लागतं. प्रत्येक पावलाला तो ताणला जातो आणि त्याच वेळी आवळूनही धरतो. सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. स्नायू थकला की भार गुडघ्यावर जातो. माझी सगळी तयारी चढाची होती. उताराची तयारी करायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचे चार आठवडे उतरून पळायची बंदी. वर पळत जायला हरकत नव्हती, पण खाली गाडीवरून यायचं. म्हणून आमच्या यांनी रोज सकाळी स्कूटर घेऊन गडाच्या दरवाजापाशी यायचं ठरवलं. ते आवरून येईपर्यंत मला वर पाऊण तास मिळायचा. त्या चार आठवड्यांत मी जेवढा गड पाहिला तेवढा चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

मारुतीच्या देवळापाशी घाम पुसायचा, मंगळाई देवीच्या देवळापर्यंत चालत जायचं, ताराराणींच्या वाड्याच्या पडक्या भिंतींपाशी बसायचं. वर्गात मी एका वाक्यात शिकवते : औरंगजेबानं साताऱ्याला वेढा घातला आणि किल्ला घेतला. तो वेढा डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० असा चार महिन्यांहून जास्त चालला. किल्लेदार प्रयागजी प्रभू आत लढत होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले आणि त्यातला एक उलटून त्यांचीच शेकडो माणसं दगडांखाली गेली. याच सुमारास सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झाल्याची बातमी आली आणि एप्रिलमध्ये किल्ला पडला. त्याचं नाव आझमतारा ठेवलं गेलं. ताराराणींच्या फौजेनं तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा हे नाव मिळालं, आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. हे सगळं मला पाठ होतं. पण रिकाम्या हातानं तीनदा धाप टाकत हा उतार चढल्यावर, दारूची पोती आणि पहारी घेऊन इथं चढणारी माणसं मला पहिल्यांदा माणसांसारखी दिसली. जूनमध्ये तो धडा मी वर्गात दोन तास शिकवला.

मेअखेरीस उतरायला शिकणं सुरू झालं. आधी मैदानाच्या कडेच्या हिरवळीवरचा जेमतेम उतार, मग माहुलीच्या रस्त्यावरचा नदीकडे जाणारा भाग, आणि जूनच्या मध्यावर गडाच्या रस्त्याचा खालचा अर्धा किलोमीटर. पावलं आखूड आणि भराभर. मिनिटाला १७० च्या आसपास पडतात का ते मोजायचं. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढं नाही. अंग मागं रेलायचं नाही, घोट्यापासून किंचित पुढं. काका बाजूनं ओरडायचे, "पायाकडं बघू नका, फुडं बघा! दहा पावलं फुडं!" मला हे चढापेक्षा अवघड गेलं, कारण उतारावर शरीर भीतीनं उपजतच मागं रेलतं. सोबत घरी आठवड्यातून तीनदा भिंतीला पाठ लावून बसणं आणि पायरीवरून एका पायानं सावकाश खाली येणं. हा पायरीचा व्यायाम सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी. गुडघा सुधारला तो त्यानंच, असं मी ठामपणे म्हणेन.

जुलैत लाँग रनसाठी सज्जनगड. बोगद्यातून पलीकडं गेलं की साताऱ्याचं शहरपण एकदम संपतं. भाताची खाचरं, ओढ्यांचे आवाज, चढ-उतारांचा वळणावळणाचा रस्ता, आणि पुढं उरमोडी धरणाचं पाणी. पावसात भिजत आम्ही तिघी परळीत पोचलो. तिथून गडावर साडेसातशेच्या वर पायऱ्या आहेत. त्या पळत चढायच्या नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. शेवाळानं दगड हिरवे झाले होते आणि वर येणाऱ्या आजी-आजोबांना धक्का लागला असता. समर्थ १६७६ मध्ये या गडावर राहायला आले आणि १६८२ च्या माघ वद्य नवमीला इथंच त्यांनी देह ठेवला. समाधीचं दर्शन घेऊन ओल्या कपड्यांनी अन्नछत्रात प्रसादाला बसलो. पंधरा किलोमीटर पळून आल्यावरचा तो गरम भात-आमटीचा घास मला अजून आठवतो. परत येताना एसटी. लाँग रन म्हणजे जाऊन-येऊनच पळायला हवं असं नाही. सुरुवातीच्या वर्षी एका बाजूनं पळणं आणि एसटीनं परतणं हा शहाणपणा आहे.

ऑगस्टमध्ये फक्त यवतेश्वर. रविवार मुद्दाम टाळायचो, कारण कासची फुलं सुरू व्हायच्या सुमारास त्या अरुंद घाटात गाड्यांची रांग लागते आणि धुक्यात वळणावरून येणाऱ्या गाडीला पळणारं माणूस दिसत नाही. भडक पिवळं जाकीट, टोपीवर लाल दिवा, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशी रस्त्याची बाजू. यवतेश्वराच्या देवळाच्या पुढं एक मावशी कणसं भाजायच्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "कशापायी पळतीस गं बाई एवढी?" शर्यतीचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्या दिशी हितं हाक मार. कनीस देते."

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून भुरभुर होती. समर्थ मंदिरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, ढोल, शाळेतली मुलं. माझ्याच वर्गातल्या चौघी छत्र्या घेऊन उभ्या होत्या आणि "बाई, बाई" ओरडत होत्या. घाटात मी ठरवल्याप्रमाणे पळाले : दर वळणाला एक घोट पाणी, श्वास तोंडात आला की तीस पावलं चाल, मग पुन्हा पळणं. आजूबाजूनं जोरात गेलेले बरेच जण वरच्या टप्प्यात चालताना भेटले. मावशींना हाक मारली. त्यांनी खरंच अर्धं कणीस हातात कोंबलं, ते मी परतीच्या वळणापर्यंत खात गेले.

आणि मग उतार. पहिल्या किलोमीटरला पाय आपोआप लांब पडू लागले, तेव्हा काकांचा आवाज आठवला. पावलं आखूड केली. बाजूनं लोक धडाधड उतरत गेले, त्यांना जाऊ दिलं. अर्ध्या घाटात धुकं फाटलं. खाली सगळं सातारा आणि समोर, मनोऱ्यांसकट, अजिंक्यतारा. एप्रिलमध्ये ज्या रस्त्यानं मी गुडघा मोडून घेतला होता तिकडं बघत, दहा पावलं पुढं नजर ठेवत, मी उतरत राहिले. समर्थ मंदिराशी आले तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या, पण गुडघा गप्प होता. शेवटच्या सपाट रस्त्यावर वेग वाढवता आला, हे मला स्वतःलाच खरं वाटेना. दोन तास ४७ मिनिटं.

शेवटच्या रेषेपलीकडं हे स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभे होते. "चल, बस मागं," म्हणाले. मी म्हटलं, "आज नको. घरापर्यंत चालत जाऊ."